ज्येची कुळकथा

त्रिकोणमितीचें नांव काढतांच ज्याच्या कपाळाला आठी पडत नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ विरळाच. शाळा सोडून तीस वर्षें लोटलीं तरी 'साइनवर्ग अधिक कोसाइनवर्ग बरोबर एक' हें सूत्र अनेकांच्या जिभेवर असतें; पण तें कशाविषयीं आहे असें विचारलें तर तेच गृहस्थ विषय बदलतात. त्यांना हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं भोकरदन तालुक्यांतील एका खेड्यांतून आमच्या महाविद्यालयांत आलेल्या एका मुलीनें आम्हांस असेंच कोंडींत पकडलें होतें. तिला सर्व सूत्रें पाठ होतीं. फळ्यावर दिलेलें उदाहरण तिनें बिनचूक सोडविलें, आणि खालीं बसतां बसतां विचारलें, "सर, पण साइन म्हणजे आपण नेमकें मोजतों तरी काय?" "समोरच्या बाजूस कर्णानें भागलें म्हणजे साइन," असें आम्हीं उत्तर दिलें. "तें कसें काढावयाचें हें झालें, सर, तें काय आहे?" असें ती म्हणाली. तास संपल्याची घंटा झाली म्हणून आमची लाज राहिली.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हांस पाठ्यपुस्तक मिटून इतिहास उघडावा लागला. आणि मौज अशी कीं, उत्तर फार दूर नव्हतें. 'ज्या' हा शब्द आज मराठी वाचकाला केवळ संबंधी सर्वनाम म्हणून परिचित आहे. पण संस्कृतांत ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घ्या: तो धनुष्याच्या दांड्यासारखा वांकलेला दिसतो, म्हणून त्यास नांव 'चाप'. त्याचीं दोन टोंकें जोडणारी सरळ रेषा ही दोरी, म्हणजे 'ज्या'. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतची रेषा हा 'शर', म्हणजे बाण. ज्योतिष्यांना गणितांत सोयीची पडते ती सबंध दोरी नव्हे, तर अर्धी. म्हणून तिला आरंभीं 'अर्धज्या' म्हणत, आणि पुढें बोलण्याच्या ओघांत 'अर्ध' गळून नुसती 'ज्या' उरली. त्या मुलीला द्यावयाचें उत्तर एवढेंच होतें: आपण अर्ध्या दोरीची लांबी मोजतों.

आर्यभटानें इ.स. ४९९ मध्यें आपल्या ग्रंथांत अशा चोवीस ज्यांचीं मानें दिलीं आहेत. पाव वर्तुळाचे चोवीस सारखे भाग, म्हणजे दर पावणेचार अंशांस एक ज्या. त्रिज्या त्यानें ३४३८ धरली. हा आंकडा प्रथमदर्शनीं विचित्र वाटतो. विद्यार्थ्यांस तो सांगितला कीं ते हंसतात. परंतु वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला धरल्या म्हणजे परिघ २१,६०० कलांचा होतो, आणि ज्या वर्तुळाचा परिघ २१,६०० त्याची त्रिज्या फार थोड्या फरकानें ३४३८ च येते. म्हणजे चाप आणि दोरी हीं दोन्ही एकाच मापानें मोजण्याची ही योजना आहे. आतां पहिली ज्या पाहा. पावणेचार अंश म्हणजे २२५ कलांचा चाप. आणि त्याची ज्या? तीहि २२५. धनुष्य इतकें थोडें वांकलें आहे कीं दांडा आणि दोरी यांच्या लांबींत फरक दिसत नाहीं. तीस अंशांची ज्या १७१९, म्हणजे बरोबर त्रिज्येच्या निम्मी. आणि नव्वद अंशांची ३४३८, म्हणजे त्रिज्याच. हीं तीन मानें विद्यार्थ्यानें स्वतः वर्तुळ काढून दोऱ्यानें मोजलीं, तर कोन वाढला म्हणजे ज्या आधीं झपाट्यानें व पुढें मंद मंद वाढते हें त्याच्या बोटांना कळतें. ज्या ही भुज, कोटिज्या ही कोटि आणि त्रिज्या हा कर्ण, अशी आकृति समोर असली म्हणजे 'साइनवर्ग अधिक कोसाइनवर्ग' या सूत्रांत नवीन असें कांहींच राहत नाहीं. सातवी-आठवींत भेटलेला कर्णाचा सिद्धांतच वेष पालटून आलेला असतो.

हा विषय आमच्या भागास परका नाहीं, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. त्या रांगेच्या पलीकडच्या पायथ्याशीं, चाळीसगांवजवळ, पाटण हें जुनें स्थान आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ.स. ११५० त, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं 'सिद्धांतशिरोमणि' रचला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग. शेवटल्या गोलाध्यायांत 'ज्योत्पत्ति' म्हणून एक प्रकरण आहे, आणि त्यांत ज्या कशा उत्पन्न कराव्यात याचेंच विवेचन आहे. दोन चापांच्या ज्या माहीत असल्या तर त्यांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याची रीत तेथें आहे. छत्तीस व अठरा अंशांच्या ज्याहि आहेत. आजचा अकरावीचा विद्यार्थी ज्या सूत्राला सर्वांत भितो, तें हेंच.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांचे व आपल्या कुळांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथें मठ काढला. यादव सिंघणाचा मांडलिक निकुंभवंशी सोइदेव व त्याचा बंधु हेमाडिदेव यांनीं त्यास दानें दिलीं, आणि तें सर्व शके ११२८ च्या शिलालेखांत नमूद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. लेखाचा आरंभीचा मोठा भाग संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. कारण त्यांत बाजारांतील लोकांनीं मठास काय काय द्यावयाचें तें सांगितलें आहे, आणि तें त्यांना समजणें जरूर होतें. त्यांत तेल्यांच्या घाण्यांवर पळी पळी तेलाचा हिस्सा लावलेला आहे. गणिताच्या अध्यापनासाठीं घाण्यामागें एक पळी तेल! आमच्या काळांतील अनेक अनुदानांच्या आदेशांपेक्षां ही भाषा आम्हांस अधिक स्वच्छ वाटते.

भास्कराचार्य 'ज्योत्पत्ति' लिहीत होते त्याच शतकांत तिकडे स्पेनमध्यें याच ज्येच्या नांवाचा एक विनोदी अपघात घडत होता. ज्येला संस्कृतांत 'जीवा' असाहि शब्द आहे. हिंदी ज्योतिष बगदादेस गेलें तेव्हां अरबांनीं तो 'जीबा' असा उचलला. अरबी लेखनांत ह्रस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. आणि 'जीबा' हा शब्द अरबीला परका असल्यामुळें पुढील वाचकांनीं तीच अक्षरें ओळखीच्या 'जैब' या शब्दाप्रमाणें वाचलीं. जैब म्हणजे वस्त्राची चुणी, गळ्याजवळचा झोळ, छाती. बाराव्या शतकांतील लॅटिन भाषांतरकारांनीं त्या अर्थाचें इमानें इतबारें भाषांतर केलें: 'सायनस'. त्याचाच पुढें साइन झाला. धनुष्याची दोरी अशा रीतीनें अंगरख्याची चुणी बनून परत आमच्या शाळेंत आली, आणि आम्हीं तिला ओळखलें नाहीं. (कोसाइनमधला 'को' मात्र आमच्या 'कोटि'चा अवशेष आहे, असें कांहीं उत्साही मंडळी सांगतात, त्या मोहांत पडूं नये. तो 'पूरक' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा, सतराव्या शतकांतला संक्षेप आहे. खऱ्या नातेवाईकांची यादी पुरेशी लांब असतां खोटे कशाला जोडावे?)

जालन्याच्या बाबतींत या कथेला आणखी एक वळण आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा भाग निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ सालीं झाला. हैदराबादेस १९१८ त उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, तेथें उच्च शिक्षण उर्दूंतून देण्याचा मोठा उपक्रम झाला, आणि आमच्या भागांतील हायस्कुलांतूनहि उर्दू हेंच शिक्षणाचें माध्यम होतें. उर्दूच्या शास्त्रीय परिभाषेंत ज्येला अरबींतून आलेला 'जैब' हाच शब्द. घरीं मराठी बोलणारा जालन्याचा मुलगा शाळेंत 'जैब' शिकत होता; आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे ज्या गणिताचा एके काळीं मठ होता, त्याच गणिताचा हा शब्द बगदादची यात्रा करून आपल्याकडे आला आहे, हें त्याला सांगणारें कोणी नव्हतें. त्याला तो परक्या राज्याचा शब्द वाटला असल्यास नवल नाहीं. आज त्याचा नातू 'साइन' म्हणतो. शब्द तीन झाले, आणि दोरी कोणालाच दिसली नाहीं.

आतां थोडें रणांगणाकडे. भोकरदन तालुक्यांतील असईस २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली. केळणा व जुई या नद्यांच्या दुबेळक्यांत मराठी फौज उभी होती. वेलस्लीजवळ या मुलखाचा भरंवशाचा नकाशा नव्हता. उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर दोन खेडीं त्यास दिसलीं, तेव्हां यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्यानें सैन्य घातलें, आणि उतार निघाला. तर्क खरा ठरला म्हणून इतिहासकार त्याचें कौतुक करतात; खोटा ठरता तर काय झालें असतें हें कल्पनेवर सोपवावें.

याच वेलस्लीच्या तेहतिसाव्या पलटणींत विल्यम लॅम्टन नांवाचा एक अबोल अधिकारी होता. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेंत रात्रीच्या कूचांत सेनापति बेअर्ड चुकून शत्रूच्या रोखानें चालला असतां, ताऱ्यांवरून दिशा ओळखून लॅम्टननें त्यास सावध केलें, असें सांगतात. द्वीपकल्प त्रिकोणांनीं मोजून काढण्याची त्याची योजना वेलस्लीच्या पाठिंब्यामुळें मान्य झाली, आणि १८०२ च्या एप्रिलांत मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची पायारेषा साखळीनें मोजण्यास त्यानें आरंभ केला. युक्ति साधी आहे: त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी, मग दोन टोंकांवरून दूरच्या टेंकडीचे वा गोपुराचे कोन पाहावे, उरलेल्या दोन बाजू ज्यांच्या कोष्टकावरून निघतात. त्यांतल्या एका बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. नदी, जंगल, वारूळ, कांहींच आड येत नाहीं. दृष्टि पोंचली कीं माप पोंचलें. त्याचा कोनमापक अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येतांना तो फ्रेंचांच्या हातीं पडला होता, पण त्यांनीं तो सन्मानानें परत धाडला. १८०८ त तंजावरच्या देवालयाच्या शिखरावर चढवितांना तो आपटून त्याचें वर्तुळ वांकडें झालें, तेव्हां लॅम्टननें तंबूंत स्वतःस कोंडून घेऊन कित्येक आठवडे खपून तें पूर्ववत् केलें. त्रिकोणांची ही माळ जालन्याच्या पूर्वेस दोनएक अंशांवरून उत्तरेस गेली. २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्टन काम करीत असतांच वर्ध्याकडील हिंगणघाट येथें वारला; त्याची कबर तेथेंच आहे. पुढें याच माळेच्या विस्तारांतून हिमालयाचीं शिखरें मोजलीं गेलीं. हे नकाशे राज्य चालविण्यासाठीं व कर वसूल करण्यासाठीं होते, हें विसरण्याचें कारण नाहीं. पण ज्या गणितावर ते उभे राहिले तें कोणा एका राज्याचें नव्हतें.

या हकीकतीवरून आमचें शिकविणें बदललें. पुस्तकांचा क्रम असा: प्रथम काटकोन त्रिकोण, लगेच सहा गुणोत्तरें, मग नित्यसमानता, आणि सरतेशेवटीं, वेळ उरल्यास, उंची व अंतर. इतिहासाचा क्रम जवळजवळ उलटा: आधीं शंकूची सावली, मग वर्तुळांतील दोरी, मग कोष्टक, आणि गुणोत्तर सर्वांत शेवटीं. इतिहासाचाच क्रम वर्गांत जसाच्या तसा गिरवावा असा आमचा हट्ट नाहीं. आर्यभटाचें कोष्टक पाठ करविणें हा नवा जुलूम होईल. पण सावली व दोरी यांना पहिले आठ दिवस द्यावेत, असें आम्ही शिक्षक मित्रांस आग्रहानें सांगतों. 'पाठ्यक्रम पुरा कसा व्हावा?' असें ते विचारतात. प्रश्न खरा आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत त्याला आमच्याजवळ पुरतें उत्तर नसतें.

गेल्या २० मार्चास जालन्यांतील एका शाळेनें आम्हांस बोलाविलें होतें. त्या दिवसाच्या मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते तिला जुने ज्योतिषी 'पलभा' म्हणत. तिच्यावरून गांवाचे अक्षांश निघतात. जालन्याचे अक्षांश सुमारें १९ अंश ५० कला, तेव्हां पलभा चार अंगुळें व एक तृतीयांश यावी. आम्हीं १२० सेंटिमीटरची काठी अंगणांत रोवली. सावली ४३ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक व्हावयास हवी होती. सकाळपासून नववीचीं मुलें सावलीच्या टोंकावर खडे ठेवीत होतीं, आणि खडे एका सरळ रेषेंत बसत आहेत हें पाहून त्यांना अचंबा वाटत होता. आमचा मध्यान्ह घड्याळांत बारा वाजून चौतीस मिनिटांनीं होता. त्या वेळीं माप घेतलें तें ४१ भरलें. मुलें हिरमुसलीं, एकजण म्हणाला, "सर, जालनाच सरकलें." तेवढ्यांत मागच्या रांगेंतील एका मुलीनें काठीकडे बोट दाखविलें, ती दक्षिणेकडे थोडी कलली होती. शेजारच्या बांधकामावरून ओळंबा आणण्यास दोघे धावले. ते येईतों सावली पूर्वेकडे बरीच सरकली होती, आणि मध्यान्ह हुकला म्हणून आम्ही हळहळत होतों. पण खड्यांची रेषा समोर होतीच. काठी ओळंब्यांत धरून सावलीचें नवें टोंक टिपलें, तेथून खड्यांच्या रेषेला समांतर रेषा आंखली, आणि काठीच्या बुडापासून तिच्यावर लंब टाकून मापला. तो ४३ भरला, आणि वर एकदोन रेघा.