बसरूरची मोहीम आणि सेनापतीचे जहाज

कुंभिवलीच्या मुलखात, खालापूर-कर्जतच्या घाटपायथ्याशी, समुद्र दृष्टीस पडत नाही. तरीही प्रस्तुत विषयाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत याच भागातील उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली. खिंडीतील रण सेनापतीच्या नजरेच्या टप्प्यात असते आणि त्याचा हुकूम घटकाभरात पोहोचतो. सैन्य गलबतांत चढले की ही सोय संपते. मग सेनापतीने कोठे असावे?

१६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून स्वतः आरमारासह निघाले. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात ८५ फ्रिगेटे व ३ मोठी जहाजे असा आकडा येतो. (वखारवाल्यांची ‘फ्रिगेटे’ म्हणजे बहुधा आपली गलबतेच होत.) बसरूर लुटून महाराज गोकर्णास आले, आणि तेथे त्यांनी जो निर्णय घेतला त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बहुतेक आरमार त्यांनी परत पाठविले, केवळ १२ गलबते नद्या उतरण्यापुरती ठेवली आणि सुमारे ४,००० पायदळासह अंकोल्यावरून ते २२ फेब्रुवारीस कारवारास पोहोचले. शेरखान तेथे नुकताच आला असल्यामुळे शहर लुटता आले नाही. खंडणीवर भागवावे लागले आणि तीत इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. मार्चच्या आरंभी जयसिंग पुण्यास दाखल झाला, हे ध्यानी घेता हा वेळ महागात पडला असे म्हणता येईल. परंतु गोकर्णचा निर्णय मला अचूक वाटतो. किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याचा नायक जहाजावर राहिला तर तो आपल्याच सैन्यापासून तुटतो.

गॅलिपोलीस नेमके हेच घडले. २५ एप्रिल १९१५ रोजी सेनापती हॅमिल्टन ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेवर होते. ‘वाय’ नावाच्या किनाऱ्यावर सैन्य विनाप्रतिकार उतरलेले त्यांना कळले. आणखी सैन्य तेथे उतरवावे असे त्यांनी हंटर-वेस्टन यांस सुचविले, पण ते स्वतः दुसऱ्याच जहाजावर. सूचना फेटाळली गेली आणि संधी हुकली. १९४२ च्या नोव्हेंबरात मोरोक्कोच्या किनाऱ्यावर ‘ऑगस्टा’ क्रूझरच्या तोफांच्या धक्क्याने खुद्द पॅटन यांची उतरण्याची नौकाच मोडली. लढणारे जहाज व आज्ञा देणारे जहाज एकच असू नये, हा धडा त्यातून मिळाला. त्याच मोहिमेत अल्जियर्ससमोर ‘बुलोलो’ होती. मूळच्या या प्रवासी बोटीत बिनतारी यंत्रे आणि नकाशांच्या खोल्या बसवून तिन्ही दलांचे अधिकारी एका छताखाली आणले होते. पुढे १९७० साली अमेरिकेच्या नौदलात दाखल झालेली ‘ब्लू रिज’ तर मुळात याच कामासाठी बांधलेली.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो कारवारसमोरच्याच अंजदीव बेटावर, १८ डिसेंबर १९६१ रोजी. स्वतंत्र आज्ञानौका भारतीय नौदलाजवळ नव्हती. ‘त्रिशूल’वरून नौसैनिकांची तुकडी उतरली आणि तिला आधार ‘मैसूर’च्या तोफांचा. बेट मिळाले, पण सात नौसैनिक कामी आले. महाराज कारवारास आले तेव्हा ते गोकर्णापासून सैन्याबरोबर भूमीवरून चालत आलेले होते.