एका डॉलरची पेटी

छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत भिंगांची व रसायनांची चर्चा विपुल असते, किमतीची क्वचितच. आम्हांस तीच अधिक उद्‌बोधक वाटते. जॉर्ज ईस्टमन याचा १८८८ चा पहिला कोडॅक पंचवीस डॉलरांचा होता. शंभर चित्रे झाली की कॅमेराच रॉचेस्टरला धाडावयाचा आणि धुलाई, छपाई व नव्या फितीसाठी आणखी दहा डॉलर मोजावयाचे. सोय मोठी खरी, पण सधनांची!

१९०० मध्ये फ्रँक ब्राउनेल याने घडविलेला ‘ब्राउनी’ आला, तो एका डॉलरला. पुठ्ठ्याची पेटी, साधे भिंग, नेम धरण्यासाठी माथ्यावर नुसत्या रेषा. रचनेतील प्रत्येक काटछाट किमतीने ठरविलेली. सहा चित्रांची फीत पंधरा सेंटांना मिळे, आणि खरी प्राप्ती तिच्यातच होती. नाव व वेष्टनावरील चित्रे पामर कॉक्सच्या बुटक्या यक्षांची. गिऱ्हाईक म्हणून मुलेच डोळ्यांसमोर होती. पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर पेट्या खपल्या.

१९०१ च्या दुसऱ्या ब्राउनीसाठी निघालेली १२० क्रमांकाची फीत पुढे वडोदऱ्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिकमध्येही चालली. आमच्याकडील कित्येक घरांतील मुंजीची चित्रे तिच्यावरच उमटली आहेत.