मधली वर्षे : पुण्याची मेट्रो, शिवाजीनगरचा एसटी स्टँड आणि लोणीचा प्रवासी

१/ पुणे मेट्रोचा इतिहास सांगताना दोन तारखा हमखास येतात. २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले आणि ६ मार्च २०२२ रोजी पहिले दोन टप्पे प्रवाशांसाठी खुले झाले. या दोन तारखांमध्ये सव्वापाच वर्षे आहेत. निळ्या पत्र्यांच्या आड अरुंद झालेले रस्ते, रोज बदलणारी वळणे, हललेले थांबे यांत ती गेली. हा थ्रेड त्या मधल्या वर्षांचा आहे.

२/ ही वर्षे बहुधा पुणेकरांच्या बाजूने सांगितली जातात. इथे ती शहराबाहेरच्या एका गावाच्या बाजूने पाहू. गाव लोणी, तालुका आंबेगाव. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. ससून रुग्णालय, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कचेरी, महाविद्यालय किंवा विद्यापीठ यांपैकी कशासाठीही पुणे गाठायचे, तर सामान्य माणसाचा आधार एसटी.

३/ रेल्वे का नाही, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सह्याद्री ओलांडण्यासाठी दोन घाट निवडले. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातला १८६५ मध्ये खुला झाला. जुन्नरला कोकणाशी जोडणारा, सातवाहनकाळापासून वाहता असलेला नाणेघाट या दोहोंच्या मध्ये होता. तो बाजूला राहिला आणि व्यापाराची मुख्य वाट रुळांच्या मागे गेली.

४/ त्या रेल्वेलाही मधली वर्षे होती. खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये आला, तर वर खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट रिकामा होता. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याने पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने खंडाळ्याला चढे आणि तिथे पुन्हा आगगाडीत बसे. ही व्यवस्था जवळपास पाच वर्षे चालली.

५/ त्या पाच वर्षांत घाट फोडणाऱ्या मजुरांची संख्या १८६१ च्या सुमारास ४२,००० च्या घरात पोहोचली होती. पटकी आणि इतर रोगांनी त्यांतले कित्येक दगावले. रेल्वेच्या इतिहासात अभियंत्यांची आणि गव्हर्नरांची नावे राहिली. पालखी उचलणारे भोई आणि सुरुंग लावणारे मजूर एका आकड्यापुरते उरले. बांधकामाच्या काळाची किंमत कोण मोजतो आणि नोंद कोणाची राहते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

६/ शहरातल्या रस्त्यावर रूळ येण्याची आपल्याकडची ठळक सुरुवात मुंबईची. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्रामचे रूळ रस्त्याच्या पातळीतच असत, त्यामुळे टांगा, हातगाडी, पादचारी आणि ट्राम एकाच रस्त्यात नांदत. सेवा बंद झाल्यावर काही ठिकाणी रुळांवर नुसते डांबर चढले. २०१७ मध्ये हुतात्मा चौकाजवळच्या कामात असे जुने रूळ पुन्हा उघडे पडले.

७/ मेट्रोची गोष्ट वेगळी. ती रस्त्यावरून धावत नाही, पण बांधली जाते रस्त्यावरच. उन्नत मार्गासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे लागतात. त्यांच्या आत खोल पाया घेतला जातो, खांब उभा राहतो, त्यावर शिरोभाग बसतो. दूरच्या आवारात ओतलेले काँक्रीटचे तुकडे रात्री आणून यंत्राने ओवले जातात. एका खांबाला जागा थोडी लागते. मात्र खांबांची रांग सलग असल्याने दोन्ही बाजूंची एकेक मार्गिका काही वर्षांसाठी जाते.

८/ भुयारी मार्गात बोगदा यंत्र खोदते. पुण्यात या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांची नावे दिली होती. बोगदा वरच्या माणसाला दिसतही नाही. स्थानकाचे तसे नसते. त्यासाठी जमीन वरून उघडावी लागते, मोठा खड्डा घ्यावा लागतो आणि स्थानक बांधून झाल्यावर वरचे छत झाकावे लागते. जिल्हा न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. अशा खड्ड्यासाठी शहराच्या मध्यभागी मोकळी जागा लागते, आणि मध्यभागी मोकळी जागा बहुतेक वेळा कशाच्या तरी वापरात असते.

९/ शिवाजीनगरला ती जागा एसटी स्टँडच्या वापरात होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे नगर आणि नाशिक रस्त्यांवरच्या गावांसाठी शिवाजीनगर हे पुण्याचे दार झाले. स्टँडला लागून रेल्वे स्थानक, चालत जाण्याच्या अंतरावर न्यायालय, अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालये, शेजारी शहरबसचे थांबे. ज्याला पुणे ठाऊक नाही त्यालाही शिवाजीनगर ठाऊक असे.

१०/ डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मेट्रो स्थानकाच्या कामासाठी हा स्टँड वाकडेवाडीला, शासकीय दूध डेअरीच्या जागेत, तात्पुरता हलवण्यात आला. नकाशावर अंतर दोन-तीन किलोमीटरचे. नाशिक रस्त्याने येणाऱ्याला वाकडेवाडी तर आधीच लागते. त्यामुळे कागदावर पाहता प्रवास उलट थोडा कमीच झाला.

११/ प्रत्यक्षात काय झाले, ते लोणीच्या प्रवाशाच्या जागी उभे राहून पाहावे. मंचरला येऊन नाशिक रस्ता धरला काय किंवा पाबळमार्गे शिक्रापूरला उतरून नगर रस्ता धरला काय, एसटीचा शेवट आता वाकडेवाडीला. तिथून न्यायालयाला, ससूनला किंवा कचेरीला जायचे तर दुसरे वाहन हवे. पूर्वी जिथे पायी जाता येई, तिथे आता पीएमपीची वाट पाहायची किंवा रिक्षाचे भाडे ठरवायचे. तारखेला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा रुग्णाला धरून आणणाऱ्याला हे दोन-तीन किलोमीटर नकाशापेक्षा बरेच मोठे असतात.

१२/ शिवाय दोन्ही रस्ते स्वतःच खोदलेले होते. नाशिक रस्त्याची गाडी नाशिक फाट्यावरून जुन्या मुंबई रस्त्याला लागते, आणि दापोडी, बोपोडी, खडकी हा सारा पट्टा पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गिकेचा. नगर रस्त्याने यावे तर रामवाडीपासून वनाज मार्गिकेचे खांब. गावाहून कोणत्याही दिशेने निघाले तरी शहरात शिरताना पत्र्यांची रांग चुकत नव्हती. पहाटेची एसटी पकडून अकराची तारीख गाठण्याचे जुने गणित त्यामुळे बिघडले.

१३/ या स्थलांतराची फार चर्चा झाली नाही, याला एक कारण आहे. स्टँड हलल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ मार्च २०२० पासून, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एसटी थांबली. पुढे २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. प्रवासी परत आले तेव्हा वाकडेवाडी नवी राहिली नव्हती. तात्पुरती सोय लोकांच्या अनुपस्थितीतच जुनी झाली होती.

१४/ टाळेबंदीने शहरातही असेच एक काम सोपे केले. हिंजवडी–शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले होते. तिच्या आड विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल येत होता. जेमतेम दीड दशक वापरलेला हा पूल २०२० च्या पावसाळ्यात पाडला गेला. वाहतूक पूर्ववत झाली तेव्हा चौकात पूलही नव्हता आणि मेट्रोही नव्हती. नव्या दुमजली पुलाची औंधकडून शिवाजीनगरकडे येणारी बाजू खुली व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडले.

१५/ आता याच काळातली एक वेगळी घटना पाहा. डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडणारा लकडी पूल. पानिपताहून परतणारे सैन्य शहराच्या मध्यातून येऊ नये म्हणून १७६१ मध्ये तो लाकडात घाईने उभारला, असे परंपरा सांगते. आज तो संभाजी पूल म्हणून ओळखला जातो, आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका त्यावरून जातात.

१६/ वनाज मार्गिका या पुलाला वरून ओलांडते. मेट्रोच्या बांधणीखालून मिरवणुकीतील उंच रथ जाणार नाहीत, असा आक्षेप २०२१ मध्ये गणेश मंडळांनी घेतला. काम काही काळ थांबले, बैठका झाल्या, महापालिकेत विषय गाजला. शेवटी काम ठरलेल्या उंचीवरच पुढे गेले. मागणी मान्य झाली नाही, पण ती ऐकली गेली आणि तिची नोंद राहिली.

१७/ या दोन घटना शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. मंडळांना अध्यक्ष होते, नगरसेवक होते, वर्तमानपत्रे होती. त्यांचे मत पुणे महापालिकेच्या निवडणुकीत मोजले जाते. लोणी, मंचर किंवा नारायणगावचा प्रवासी स्टँडवर रोज हजारोंच्या संख्येत असतो, पण महापालिकेचा मतदार नसतो. तो संघटित नाही. आज येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ज्या शहराच्या रचनेत त्याची वाट बदलली, त्या शहराच्या सभागृहात त्याला प्रतिनिधी नाही.

१८/ मेट्रोने या प्रवाशाला काहीच दिले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मार्च २०२२ मध्येच नाशिक फाट्याचे स्थानक सुरू झाले होते, पण तेव्हा मेट्रो फुगेवाडीला थांबे. १ ऑगस्ट २०२३ पासून ती शिवाजीनगर आणि जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊ लागली. नगर रस्त्यावर रामवाडी मार्च २०२४ मध्ये जोडली गेली, आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस भुयारी मार्ग मंडईवरून स्वारगेटला पोहोचला. आज नाशिक फाट्यावर एसटीतून उतरून मेट्रोने थेट न्यायालयाखाली पोहोचता येते. खोदकामाच्या काळात हीच वाट सर्वांत त्रासाची होती.

१९/ हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. शिवाजीनगरचे मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. ज्याच्या जागेवर ते उभे राहिले, तो एसटी स्टँड त्यानंतरही वाकडेवाडीतच राहिला. ज्या कामासाठी स्टँड हलवला ते संपले, तरी हलवणे संपले नाही. नागरी इतिहासात ‘तात्पुरते’ हा शब्द भेटला की दोन तारखा शोधाव्यात : व्यवस्था कधी सुरू झाली आणि प्रत्यक्षात कधी संपली. दुसरी तारीख अनेकदा सापडत नाही.

२०/ जुन्नर–आंबेगावच्या बाबतीत हा प्रश्न पुढेही येणार आहे. पुणे–नाशिक अतिजलद रेल्वेची आखणी याच तालुक्यांतून झाली होती. म्हणजे १८६३ मध्ये बाजूला राहिलेल्या भागात प्रथमच रूळ येण्याची शक्यता निर्माण झाली. पण नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपते, आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे त्यांत व्यत्यय येईल, हा आक्षेप पुढे आला. त्यानंतर अहिल्यानगर–शिर्डीमार्गे पर्यायी मार्गाचा विचार सुरू झाला.

२१/ तो मार्ग स्वीकारला गेला, तर दीडशेहून अधिक वर्षांनी रेल्वे पुन्हा या तालुक्यांना वळसा घालून जाईल. कारण या वेळी विज्ञानाचे आहे आणि ते खरे आहे. गावाच्या दृष्टीने परिणाम मात्र तोच : लोणीचा माणूस एसटीवरच राहील, आणि त्याची एसटी पुण्यात कुठे थांबते हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा राहील.

२२/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना इथे करण्यासारखे काम आहे. भूमिपूजनाच्या कोनशिला आणि उद्घाटनाची छायाचित्रे आपोआप जपली जातात. वाहतूक पोलिसांची वळणाची सूचनापत्रे, स्टँडवर चिकटवलेले बदललेले वेळापत्रक, एसटीचे तिकीट, थांबा हलल्याची हाताने लिहिलेली पाटी या गोष्टी आठवड्याभरात फाटून जातात. घरातल्या कोणाकडे अशी तिकिटे किंवा फोनमध्ये पाट्यांची छायाचित्रे असतील, तर त्यांवर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. आजी-आजोबांना विचारावे की शिवाजीनगरला उतरून ते कुठे कुठे पायी जात. बोरघाटातल्या पाच वर्षांविषयी पालखीत बसलेल्यांनी लिहिले, पालखी वाहणाऱ्यांनी नाही. वाकडेवाडीच्या वर्षांविषयी एसटीतल्या माणसाचे म्हणणे अजून घेता येण्याजोगे आहे.

(समाप्त)