चिंचोके, शिंपले आणि सुताचे कोन

सिल्वासाजवळच्या पाड्यावर अंगणवाडीत रुजू झाले तेव्हा माझ्या पिशवीत चिंचोके, करंजाच्या बिया आणि बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले होते. ही पिशवी कोसबाडची देणगी.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबतीला आल्या. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डीआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीनं शिकवत. त्या पद्धतीची साधनं लाकडी, महाग. त्यांत एका वेळी एकच गुण बदलतो. गुलाबी मनोऱ्याचे दहाही ठोकळे एकाच रंगाचे, फरक फक्त लहानमोठेपणाचा. मुलाचं लक्ष दुसरीकडे जायला वावच नाही.

बोर्डीत तेवढा पैसा कुठला? ताराबाईंनी बिया, पानं, शिंपले घेतले. मूल शाळेत येईना, तर शाळा त्याच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरांमागे गेलं तर कुरणशाळा. पुढे 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच. ताराबाईंच्या बियांचं कौतुक लोक काटकसर म्हणून करतात. मला ते अपुरं वाटतं. चिंचोका आणि करंजाची बी रंगानं, आकारानं, वजनानं, सगळ्यानंच वेगळी; गट कशावरून करायचे ते मुलालाच ठरवावं लागतं.

(गुंजा मात्र मी कधी ठेवल्या नाहीत. दिसायला गोड, पण विषारी. आणि तीन वर्षांच्या पोराची पहिली पारख तोंडातच होते.)

एकदा साग, करंज, बोर, आपटा अशी पानं पसरली. मला लहान-मोठी वेगळी हवी होती. एका वारली पोरीनं बोर-आपटा एकीकडे लावला, साग-करंज दुसरीकडे. मी पानं मिसळून पुन्हा दिली. तिनं पुन्हा तेच केलं.

"ही शेळी खाते, ही नाय खात, बाई."

वहीत मी तिच्या नावापुढे आधीच फुली मारली होती.

मग सुताचे कारखाने वाढले, आया पाळीला जाऊ लागल्या. पिशवीत रिकामे कोन आणि बाटल्यांची झाकणं आली. झाकणं एकाच साच्यातली, फरक फक्त रंगाचा. माँटेसरीचं साधन, तेही फुकटात! पोरं ती भराभर लावायची आणि उठून जायची. भांडणं व्हायची ती चिंचोक्यांवरून.