पानपिंपरीचं कुळ

अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पानमळ्यांच्या जोडीनं एक वेल पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे: पानपिंपरी. ती टिकवली मुख्यतः बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी. वेलीला आधारही लागतो आणि सावलीही, म्हणून जोडीला पांगारा, शेवरी लावावी लागते. बोटाच्या पेराएवढं फळ हिरवं, टणक असतानाच हातानं तोडायचं आणि काळं पडेपर्यंत उन्हात वाळवायचं. सुंठ-मिऱ्यांबरोबर त्रिकटूत पडते ती हीच पिंपळी. बाळंतिणीच्या लाडवातलं पिंपळमूळ म्हणजे हिचीच मुळी. पहिल्या शतकात रोममध्ये काळी मिरी 4 दिनारांना पौंडभर मिळायची, तर पिंपळीला 15 मोजावे लागत. भावाची ही नोंद रोमन लेखक प्लिनीनं करून ठेवली आहे.

या मुळीतल्या एका रेणूची रचना 1967 मध्ये कोलकात्याच्या असीमा चॅटर्जी आणि सी. पी. दत्ता यांनी मांडली. वेलीच्या शास्त्रीय नावावरून तो पायपरलॉन्ग्युमिन झाला. भारतीय विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे या असीमाबाई. पिंपळीच्या कुळकथेत त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, ते आधी घ्यायला हवं.

पुढं 2011 मध्ये बोस्टनकडच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की, हा रेणू कर्करोगाच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींना सोडून देतो. जगभर बोलबाला झाला. मग त्या लेखातल्या आकृत्यांवर आक्षेप आले आणि 2018 मध्ये लेख मागे घेतला गेला. पण तेवढ्यानं रेणूवरचं सगळं काम रद्द ठरत नाही.

हा रेणू ज्यावर काम करतो असं मानलं जातं, ते म्हणजे जीएसटीपी-1 हे प्रथिन. कर्करोगाच्या अनेक गाठींमध्ये ते भरमसाट असतं आणि पेशीतलं विष निकामी करतं. त्याचं दुसरं काम 1999 मध्ये समोर आलं: ते जेएनके नावाच्या विकराला धरून ठेवतं. पाटाचं दारं मातीनं बुजवावं तसंच हे. पेशीवर ताण आला की दारं फुटतं. सुटलेला जेएनके सी-जून या प्रथिनाला फॉस्फेट जोडतो, सी-जून डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतो आणि तिथली जनुकं वाचली जाऊ लागतात. कोणती जनुकं, किती वेळ, यावर पेशी वाढणार की मरणार हे ठरतं. एकच वाट दोन्हीकडं नेते, म्हणूनच या वाटेवर औषध शोधणं इतकं अवघड आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि माणूस यांत फार अंतर असतं. पिंपळीनं माणसाचा कर्करोग बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. तिच्या काढ्यापायी कुणी शस्त्रक्रिया किंवा किमो लांबवत असेल, तर त्याला थांबवायलाच हवं.

रेणू नेमकं काय करतो हे शोधायला 2017 मध्ये डॅलसच्या गटानं क्ष-किरणांनी जीएसटीपी-1ची रचना पाहिली. त्याच्या खाचेत अख्खा पायपरलॉन्ग्युमिन नव्हताच. पाण्याच्या अभिक्रियेनं तुटलेला त्याचा तुकडा तिथं बसला होता, आणि त्याला जोडलेलं होतं पेशीत असणारं ग्लुटाथायोन. मुळीतला रेणू आधी मोडतो आणि मगच काम करतो, असं त्यावरून त्यांनी सुचवलं.