शरणपूर ते फ्रिअरटाउन : नाशिकच्या गवंडी-सुतारांनी उभारलेली आफ्रिकेतील वसाहत

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनांनी आशिया आणि आफ्रिकेत ज्या शेतवसाहती वसवल्या, त्यांचा इतिहास बहुधा त्या वसवणाऱ्या युरोपीय पाद्र्यांच्या चरित्रांतून सांगितला गेला आहे. विटा कोणी रचल्या, तुळया कोणी चढवल्या, विहिरी कोणी खणल्या, हे त्यात ओझरते येते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर 1875 साली वसलेल्या फ्रिअरटाउन या वसाहतीचा इतिहासही याला अपवाद नाही. मात्र या वसाहतीचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे, कारण तिची उभारणी ज्यांच्या हातांनी झाली ते आफ्रिकी कारागीर नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती गावात वाढले होते आणि आपला धंदाही तेथेच शिकले होते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘बॉम्बे आफ्रिकन’ किंवा ‘नाशिक बॉइज’ असा होतो. मराठी इतिहासलेखनात त्यांची नोंद जवळजवळ झालेलीच नाही.

या लोकांच्या नाशिकपर्यंतच्या प्रवासाची सुरुवात गुलामांच्या व्यापारात होती. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार 1807 साली बेकायदा ठरला, तरी पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे पकडून ती झांझिबारच्या बाजारात आणायची आणि तेथून अरबस्तान व इराणी आखाताकडे पाठवायची हा धंदा पुढे कित्येक दशके चालू राहिला. ब्रिटिश नौदलाची जहाजे अशी गलबते समुद्रात पकडत, आणि त्यांतून सुटलेल्यांपैकी बरीच मुले मुंबई बंदरात उतरवली जात. परत पाठवावे तर त्यांचे गाव कोठले हे कोणाला ठाऊक नसे आणि वाटेत ती पुन्हा पकडली जाण्याची भीती असे. म्हणून सरकार त्यांना मिशनांच्या हवाली करी. चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन पंथीयांची मिशन संस्था, नाशिकमध्ये 1832 पासून काम करत होती. तिच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने 1854 च्या सुमारास नाशिक शहराबाहेर शरणपूर हे गाव वसवले, आणि 1860 साली मुंबईतील आफ्रिकी मुलांचा आश्रम तेथे हलवण्यात आला.

त्या काळी मुंबईहून नाशिकला जाणारी वाट शहापूर तालुक्यातून जात होती, आणि ठाणे जिल्ह्याच्या या भागातील वाचकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आहे. लोहमार्ग फेब्रुवारी 1860 मध्ये वाशिंदहून आसनगावपर्यंत पोहोचला, 1861 च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत गेला, आणि 37 फुटांत एक फूट अशा चढाचा थळ घाट ओलांडून इगतपुरीला भिडायला 1865 साल उजाडले. म्हणजे पहिली मुले घाटावर नेली गेली तेव्हा रेल्वे आसनगावच्या पुढे नव्हती. तेथून पुढचा टप्पा आग्रा रस्त्यानेच होता, आणि घाटात हजारो मजूर सुरुंग लावून खडक फोडत होते. किन्हवली, शेणवे, डोळखांब हा पट्टा त्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. त्याच्या उशाशी चालू असलेल्या या प्रचंड बांधकामाच्या कडेने, समुद्रापलीकडून आलेली आणि पुढे स्वतः बांधकामाचीच कसबी होणारी ही मुले घाटावर गेली.

शरणपूरची रचना केवळ अनाथाश्रमाची नव्हती. तेथे शाळा होती, प्रार्थनामंदिर होते, शेती होती, आणि त्यांच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम व गवंडीकाम शिकवणारी उद्योगशाळा होती. धर्मांतर केलेल्या हिंदू कुटुंबांना जातीच्या व्यवसायातून आणि गावच्या पाणवठ्यावरून दूर सारले जाई, त्यामुळे त्यांना स्वतंत्र उपजीविका हवी होती. आफ्रिकी मुलांना तर या देशात ना घर होते ना जात, म्हणून हातातला धंदा हाच त्यांचा एकमेव आधार होता. नाशिक हे बांधकाम शिकण्यास उत्तम ठिकाण होते. काळ्या पाषाणाचे घाट, मंदिरे आणि वाडे यांच्या या शहरात दगड घडवण्याची आणि घाणीत मळलेल्या चुन्याने तो बसवण्याची परंपरा पिढीजात होती. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचे, गुण्या लावून कोपरा काटकोनात आणायचा, पाणसळीने थर समतल करायचा, आणि मग करणीने दर्जा भरायच्या, हा या धंद्याचा क्रम आहे. सुताराकडे करवत, वाकस, रंधा आणि पटाशी असली की दारे-खिडक्यांच्या चौकटींपासून बैलगाडीच्या चाकापर्यंत सारे घडे.

मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी जी नावे मिळाली तीच त्यांची पुढची ओळख ठरली. सायमन प्राइस, केरस फरार, रिचर्ड आयझेनबर्ग या नावांतील प्राइस, फरार आणि आयझेनबर्ग ही आडनावे पश्चिम भारतात काम केलेल्या पाद्र्यांचीच होत. याओ, मकुआ अशा निरनिराळ्या जमातींत जन्मलेल्या या मुलांची मूळ नावे बहुतांशी हरवली. मॅथ्यू वेलिंग्टन या नावाने ओळखल्या गेलेल्या मनुष्याचे बालपणीचे नाव चेंग्विंबे होते, एवढे मात्र नोंदलेले आहे. नव्या नावांच्या जोडीने त्यांना नव्या भाषाही मिळाल्या. इंग्रजी आणि हिंदुस्थानी त्यांना येत होत्या, मराठी मुलखात वाढल्यामुळे मराठी त्यांच्या कानावर रोजच होती. पुढे आफ्रिकेत परतल्यावर तेथील किनाऱ्याची स्वाहिली मात्र अनेकांना नव्याने शिकावी लागली.

या मंडळींना जगात प्रसिद्धी मिळाली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधक-प्रवाशामुळे. तो 1865 साली मुंबईत आला आणि नाईल नदीच्या उगमाच्या शोधात निघताना त्याने शरणपूरचे नऊ तरुण सोबत घेतले. या नऊ जणांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते, आणि त्यांतील बहुतेक जण वाटेत त्याच्यापासून वेगळे झाले. मात्र एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी या नावाने ओळखला जाणारा नॅथानिएल कुंबा हे दोघे सात वर्षे शेवटपर्यंत राहिले. 1872 साली जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फरार आदी नाशिकच्या आणखी काही तरुणांची तुकडी त्याला जाऊन मिळाली. 1 मे 1873 च्या सुमारास चितांबो या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा साठेक माणसांच्या त्या तांड्याने देह समुद्रापर्यंत नेण्याचे ठरवले. त्यासाठी केलेले काम बांधकामाच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. वस्तीपासून वेगळी अशी एक झोपडी उभारली गेली. ती वर उघडी ठेवली, म्हणजे ऊन थेट आत येईल, आणि तिच्या भिंती जंगली जनावराला फोडता येऊ नयेत अशा भक्कम केल्या. देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, मग एका झाडाची साल अखंड नळीसारखी सोलून काढून तिच्यात ठेवला, वरून शिडाचे कापड शिवले आणि सारे गाठोडे एका दांड्याला बांधले. हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. शेजारी दोन जाड खांब रोवून त्यांवर आडवी तुळई बसवली आणि लाकूड टिकावे म्हणून त्यास डांबर फासले. हे सारे एकट्या नाशिककरांचे काम नव्हते, चुमा आणि सुसी हे दोघे तांड्याचे नेते होते. पण अक्षर कोरणारा हात शरणपूरच्या शाळेत वळण मिळालेला होता. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत जो दफनविधी झाला, त्यात शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब वेनराइट हा एकटाच आफ्रिकी होता.

लिव्हिंग्स्टनच्या दफनापर्यंतची ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यामुळे नाशिकच्या आफ्रिकी लोकांवर ‘विश्वासू सेवक’ असा शिक्का बसला आणि त्यांचे खरे मोठे काम झाकोळले गेले. ते काम त्यानंतर सुरू झाले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना ब्रिटिश सरकारने झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवले होते, आणि जून 1873 च्या तहाने तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. आता सुटलेल्या गुलामांना मुंबईला न आणता आफ्रिकेतच कोठेतरी वसवावे, असा विचार पुढे आला. नाशिकमध्ये तयार झालेले कारागीर आणि शिक्षक अशा वसाहतीचा पाया होऊ शकतील, असे फ्रिअर यांचे मत होते. मोंबासाजवळच्या राबाई येथील जुन्या मिशनवर विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे 1864 सालीच पाठवले गेले होते. 1874 च्या अखेरीस स्वतः प्राइस मोंबासाला पोहोचला, त्याने बेटासमोरच्या किसौनी भागात जमीन विकत घेतली, आणि वसाहतीला फ्रिअर यांचे नाव दिले. मुंबई-नाशिककडून येऊन तेथे स्थायिक झालेल्यांची संख्या सुमारे दीडशे होती. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्याच सुमारास बंद झाला.

नाशिकच्या गवंड्याला हा किनारा सर्वस्वी वेगळा होता. काळा पाषाण येथे नव्हता. होता तो प्रवाळाचा सच्छिद्र, पांढुरका खडक, जो जमिनीतून खणून काढताना मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. चुनाही याच प्रवाळाचा, लाकडांच्या ढिगावर दगड रचून भाजलेला. तुळयांना सागाऐवजी खाडीतल्या कांदळाचे सोट वापरीत, आणि त्यांची लांबी मर्यादित असल्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांच्या खोल्या अरुंदच होत. छपरावर नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप पसरत, जे कोकणातल्या माणसाला मुळीच परके वाटू नयेत. सामान्य कुटुंबाची घरे याहून साधी, काठ्यांचा सांगाडा करून त्यात माती लिंपलेली असत. शहापूर-मुरबाडच्या रानात कारवीचा कूड घालून तो शेणमातीने लिंपतात, त्याच जातीचे हे काम आहे. साहित्य बदलले तरी ओळंबा, गुण्या आणि करवत तीच राहिली. जंगल तोडून जमीन मोकळी करणे, विहीर खणणे, राहण्याच्या चाळी, शाळा आणि प्रार्थनामंदिर बांधणे ही कामे एकामागून एक हाती घेतली गेली.

घाईचे कारणही तसेच होते. सप्टेंबर 1875 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या एका जहाजाने अडीचशेहून अधिक मुक्त गुलाम एकाच वेळी फ्रिअरटाउनला आणून सोडले. भुकेने आणि आजारांनी खंगलेली ही माणसे निरनिराळ्या भाषा बोलत, आणि पांढऱ्या माणसाने आपल्याला पुन्हा विकत घेतले नसेल कशावरून, अशी शंका त्यांच्या मनात असणे स्वाभाविक होते. त्यांना धीर देणारे, कामाला लावणारे आणि मुलांना अक्षरे गिरवायला शिकवणारे लोक म्हणजे एके काळी तशाच गलबतांतून सुटलेले नाशिककर. दिवस घंटेने सुरू होई. प्रार्थना, मग शेतात वा बांधकामावर काम, मुलांना शाळा, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, असा हा क्रम शरणपूरहूनच उचललेला होता. नवागतांना प्रथम शिधा मिळे. पुढे त्यांनी स्वतःच्या तुकड्यात मका, कसावा यांसारखी पिके काढून पोट भरावे अशी योजना होती. गुलाम बाळगणारे किनाऱ्यावरचे मालक या वस्तीवर डोळा ठेवून असत, त्यामुळे तीच घंटा संकटाचा इशारा देण्यासाठीही वाजवली जाई. तिच्यावरून त्या ठिकाणाला आजही केंगेलेनी म्हणतात.

वसाहतीचा कारभार मात्र न्याय्य नव्हता, आणि हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. नाशिककर कारागीर आणि शिक्षक इंग्रजी जाणत होते, धंद्यात निष्णात होते आणि स्थानिकांशी वागण्यात युरोपीय अधिकाऱ्यांपेक्षा सरस होते. तरी वेतनात आणि मानात त्यांना खालची जागा दिली गेली, आणि याविषयीची त्यांची नाराजी मिशनच्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा उमटते. 1880 च्या आसपास वसाहतीच्या एका युरोपीय व्यवस्थापकाने फटक्यांची शिक्षा देण्याचा सपाटा लावला, तेव्हा प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि प्राइसला पुन्हा मोंबासाला यावे लागले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आश्रयस्थानी चाबूक चालावा, याला शिस्तीचे कोणतेही कारण पुरेसे नाही.

राबाईचा अनुभव याच्या उलट होता, कारण तेथे प्रत्यक्ष कारभार विल्यम जोन्सच्या हाती होता. आसपासच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम राबाईच्या आश्रयाला येत, आणि मिशनच्या वरिष्ठांना त्यामुळे मालकांशी वैर नको असे. जोन्सने मात्र त्यांना हाकलले नाही, जमीन दिली आणि वस्ती वाढू दिली. 1885 साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर या दोघांना धर्मसेवेची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांची हत्या झाली तेव्हा मागे राहिलेल्या तांड्याला सुखरूप परत आणण्याचे काम जोन्सने केले. पुढे 1888-89 मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई देऊन मिशन-वसाहतींतील सुमारे 1400 पळालेल्या गुलामांना कायदेशीर मुक्तता मिळवून दिली. ही संख्या जमली ती जोन्ससारख्यांनी दार उघडे ठेवले म्हणून. श्रेय मात्र कंपनीच्या नावावर जमा झाले. त्या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर अवस्था संपुष्टात येण्यास 1907 साल यावे लागले.

मोंबासाहून अंतर्भागात जाणाऱ्या रेल्वेचे बांधकाम 1896 साली सुरू झाले आणि त्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर व कारागीर नेले गेले. केनियातील भारतीयांचा इतिहास बहुतेक वेळा तेथूनच सांगितला जातो. शरणपूरचे गवंडी, सुतार आणि शिक्षक त्याच्या वीस वर्षे आधी तेथे पोहोचले होते. त्यांच्यापैकी मॅथ्यू वेलिंग्टन 1935 साली मोंबासा येथे वारला. नाशिकमध्ये शरणपूर रोड हे नाव रोज घेतले जाते. त्या शहराच्या आणि थळ घाटाच्या वाटेवरील तालुक्यांच्या स्थानिक इतिहासात या लोकांना लिव्हिंग्स्टनचे नोकर म्हणून नव्हे, तर फ्रिअरटाउन आणि राबाई उभारणारे कारागीर म्हणून जागा मिळाली पाहिजे.