मॉथमन संग्रहालय : अफवेपासून दप्तरापर्यंत

वेस्ट व्हर्जिनियातलं पॉइंट प्लेझंट हे ओहायो आणि कनॉहा नद्यांच्या संगमावरचं, चारेक हजार वस्तीचं गाव. त्याच्या मुख्य रस्त्यावर २००५ साली मॉथमन संग्रहालय उघडलं. ज्या प्राण्याचं हाड सोडा, पीसही कुणाला सापडलेलं नाही, त्याचं हे संग्रहालय. तरीही त्याच्याकडे दाखवण्यासारखं अस्सल काही आहे : कागद.

या कागदांची सुरुवात १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्रीची. दोन तरुण जोडपी मोटारीतून गावाबाहेरच्या ‘टीएनटी एरिया’त गेली होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे स्फोटकांचा कारखाना होता. तो बंद पडला, पण दारूगोळ्याची घुमटाकार काँक्रीटची कोठारं उरली. तिथे पुरुषभर उंचीचं, मोठाल्या पंखांचं, लाल डोळ्यांचं काहीतरी दिसलं आणि ते भरधाव गाडीमागे उडत आलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी स्थानिक वृत्तपत्रात बातमी झळकली. बघ्यांची रीघ लागली, आपल्यालाही दिसलं म्हणणारे वाढले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले रॉबर्ट स्मिथ यांनी तो वाट चुकलेला सँडहिल क्रौंच असावा, असं मत दिलं. पाहणाऱ्यांना ते पटलं नाही.

तेरा महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज वाहनांनी भरलेला असताना कोसळला आणि ४६ जण दगावले. पूल ज्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता, त्यांतल्या एका पट्टीला गेलेला तडा हे त्याचं कारण. अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय निकष आले ते या अपघातानंतर. लोकांच्या तोंडी मात्र पूल आणि पंखवाला एकाच गोष्टीत जाऊन बसले. जॉन कील यांच्या १९७५ च्या पुस्तकाने ती सांगड घट्ट केली, आणि त्यावरचा रिचर्ड गिअरचा चित्रपट २००२ मध्ये आला.

गावाने हीच वेळ साधली. गावचेच जेफ वॉम्स्ली या प्रकरणाची कात्रणं आणि कागदपत्रं जमवत होते. २००२ मध्ये पहिला मॉथमन महोत्सव भरला. २००३ मध्ये बॉब रोच यांनी घडवलेला पोलादी पुतळा उभा राहिला आणि दोन वर्षांत वॉम्स्लींनी संग्रहालय सुरू केलं. साक्षीदारांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेले जबाब, त्या काळची वृत्तपत्रं आणि चित्रपटातल्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. कोविडकाळात महोत्सव रद्द झाला, पण परंपरा तुटली नाही. सप्टेंबरातल्या महोत्सवाच्या शनिवार-रविवारी आता गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट पाहुणे येतात.

या यशात एक जोखीम आहे. पुतळ्याशेजारी फोटो काढणाऱ्या पाहुण्याला ४६ मृत्यू म्हणजे दंतकथेचा शेवटचा अंक वाटू शकतो. त्यावर उतारा संग्रहालयाच्या कपाटांतच आहे. १९६६ च्या जबाबात कुणी काय पाहिलं एवढंच आहे; पूल कोसळण्याचं भाकीत त्यात शोधावं, तर ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलेलं निघतं. दंतकथेला ठिगळं कधी आणि कुठे लागली, हे तारीखवार दाखवता येईल असं दप्तर फार थोड्या राक्षसांच्या वाट्याला आलं आहे. टी-शर्टांच्या विक्रीवर संग्रहालय चालेल; त्याची पत मात्र या दप्तरावरच ठरेल.